व्याह्यांच्या मागे दोन पावलं

मंडळी, ही पृथ्वी कशावर उभी आहे? शेषाच्या फण्यावर? छे! पर्वतांवर? मुळीच नाही! ही सगळी पृथ्वी, मंडळी, उभी आहे ती मानावर! माणूस माणसाला मान देतो म्हणून सूर्य उगवतो!

हे मी गेल्या वर्षी याच खांबाशी उभं राहून सांगितलं होतं. तुम्ही माना डोलावल्या. नंतर मंडळाच्या सगळ्या सभासदांना मानानं चहा गेला, आणि माझ्यापर्यंत किटली आली तेव्हा तिच्यात गाळ होता. असो! सूर्य दुसऱ्या दिवशीही उगवला.

तेव्हा आज प्रश्न जरा बदलून घेऊ. दुसऱ्याला मान द्यायचा म्हणजे आपण त्याच्या मागे राहायचं का? आणि आपण मागे राहिलो, तर पुढच्याचं भलं होतं का? पेटीवाले, सूर धरा. बायकांच्या बाजूच्या गप्पा थोड्या खाली घ्या. ऐका!

एका गावात मुरलीधर शेवाळे नावाचे चित्रकलेचे मास्तर होते. स्वभाव असा, की रस्त्यात म्हैस समोर आली तरी हे म्हणणार, आधी तुम्ही! त्यांची मुलगी रेवती. तिचं लग्न ठरलं. तुळशीचं लग्न झालं की हिचं. मुलाचे वडील आनंदराव बाबर. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान, भरदार मिशी, आणि एक छंद — ट्रायथलॉन!

आता आजोबा, तुम्ही भुवया वर केल्यात म्हणून सांगतो. आधी तलावात पाऊण किलोमीटर पोहायचं. मग त्याच ओल्या अंगानं वीस किलोमीटर सायकल मारायची. मग पाच किलोमीटर पळायचं. याला ते 'छोटी' शर्यत म्हणतात! आणि एवढं करून पोचायचं कुठं? तर जिथून निघालो तिथंच! शास्त्रात याला फेरा म्हणतात. तो चुकावा म्हणून आपण कीर्तनाला येतो. ही माणसं आधी नाव नोंदवून तो मागून घेतात!

आज हनुमान जयंती, म्हणून आठवलं. मारुतीरायानंही समुद्र ओलांडला — पण उडून! पोहला नाही, सायकल काढली नाही. शहाणा होता!

तर दसरा झाला की या शर्यतींचा हंगाम सुरू होतो. पहिल्याच शर्यतीला आनंदराव उतरणार होते. त्यांना कळलं, की मास्तरही उन्हाळ्यापासून गुपचूप सराव करताहेत. झालं! फोन!

"पाव्हणं! चोरून पवताय व्हय? या की मग! व्याही-व्याही एकदम उतरू!"

मास्तर खूश. पण शेवाळ्यांच्या स्वयंपाकघरात बैठक बसली. शोभाताई, म्हणजे मास्तरांच्या सौभाग्यवती, कणीक मळता मळता म्हणाल्या, "अहो, एक सांगते. त्यांच्या पुढे जाऊ नका हं."

"म्हणजे? शर्यत आहे ती!"

"असू दे. मुलाकडचे आहेत. ती त्यांची बहीण कमलआक्का येणारे बघायला. मुलीचा बाप पुढे पळाला म्हणून जन्मभर रेवतीला ऐकवेल."

"मग किती मागे राहू?"

"दोन पावलं. अगदीच नजरेआड नका होऊ, तेही बरं दिसत नाही!"

बघा! पुढे गेलं तर अपमान, फार मागे राहिलं तर आदर दिसत नाही! एवढं मोजमाप सोनारसुद्धा करत नाही, मंडळी!

रेवती दारात उभी होती. ती म्हणाली, "बाबा, आज तुम्ही त्यांच्या मागे राहिलात ना, की उद्या मी त्या घरात कुठे राहायचं ते ठरलं. बघा बुवा."

इतकंच बोलून गेली. इकडे बायको, तिकडे लेक! आता त्या बापानं काय करावं? सांगा! — कुणी सांगू नका, आख्यान संपेल.

शर्यतीचा दिवस. तलावाच्या काठी गर्दी. बंदूक वाजली! धप्प! आनंदराव पाण्यात पडले ते म्हैस डोहात बसते तसे. मास्तर नदीकाठी वाढलेले, पाण्यात मासा! चार हात मारले असते तर बाहेर येऊन अंग पुसून झालं असतं. पण दोन पावलं! आता पाण्यात पावलं कशी मोजणार? मास्तर उताणे झाले. आकाश बघत, एक घार मोजत, हळूहळू वाहत राहिले. मधूनच मान वळवून, "व्याही, डावीकडे! डावीकडे! तिकडे पंपघर आहे!"

बाहेर आले. तिथं सायकली मांडलेल्या. आनंदराव खाली बसून ओल्या पायात मोजे चढवायला लागले. ओला पाय, कोरडा मोजा — अर्ध्यात अडकला! मास्तर डोक्यावर हेल्मेट घालून, हात पुढे बांधून शेजारी उभे. "सावकाश हं, सावकाश." आणि न राहवून मोज्याला हात घातला!

पंचांची शिट्टी! "ओ! एकमेकांना मदत चालत नाही!"

"मदत नाही हो, मान आहे!"

"मानसुद्धा चालत नाही! आणि तुमचं झालंय ना? मग थांबलात का?"

"त्यांचं व्हायचंय."

"ते कोण?"

"व्याही. माझी मुलगी दिलीय... म्हणजे, देणार आहे."

पंचांनी शिट्टी हळूच खिशात ठेवली. त्यांनाही दोन मुली होत्या. म्हणाले, "बरं बरं. थांबा मग."

सायकली सुटल्या. आता या शर्यतीत दुसऱ्याच्या अगदी पाठीला चिकटून चालवायची नसते; एक तर पुढे जा, नाही तर अंतर ठेवा. मास्तरांनी अंतर ठेवलं. चढावर ठीक. पण उतार आला! सायकल पळायला लागली. मास्तरांनी काय करावं? उतारावर ब्रेक! मंडळी, जगात प्रत्येक माणूस उतारासाठी जगतो, आणि हा गृहस्थ उतारावर कचाकच ब्रेक दाबतोय!

आणि पुढे आनंदरावांना काय ऐकू येतंय? मागून कचकच, कचकच! त्यांना वाटलं, आला! आला हा मास्तर! मुलाचा बाप मी, आणि मुलीचा बाप मला ओलांडणार? आक्का बघत्येय! मारा पायडल! मिशी वाऱ्यावर, डोळे कपाळात! हे पळतात म्हणून ते पळतात, ते पळतात म्हणून यांना पळावं लागतं. आदर पाठलाग करतोय, मंडळी, आणि मान जीव घेऊन पळतोय!

शेवटी पळायची पाळी. ऊन चढलं. आनंदरावांच्या पोटरीत गोळे आले. कानात शिट्या वाजायला लागल्या. जीव म्हणतोय, चाल, अरे चाल थोडा! पण मागून टप, टप, टप! मास्तरांचे बूट, दोन पावलांवर! चालायची सोय नाही!

एका वळणावर रसवंती होती. घुंगरं वाजत होती. आनंदरावांनी तो आवाज ऐकला आणि गुडघ्यावर हात ठेवून जागच्या जागी थांबले. लगेच मास्तरही थांबले. दोन पावलांवर!

आनंदराव धापा टाकत वळले. "पाव्हणं... हात जोडतो... जावा की हो म्होरं!"

"मी? छे छे! आधी तुम्ही!"

"अवो, तुम्ही मागं लागलाय म्हणून मला थांबता येईना! सकाळपासनं मरतोय मी!"

मास्तरांचा आ वासला. "मी मागे लागलोय? अहो, तुम्ही थांबेनात म्हणून मला पुढे जाता येईना! मी उतारावर ब्रेक मारत आलोय!"

"मला वाटलं, मला गाठताय!"

"मला वाटलं, तुम्हाला पुढे राहायचंय!"

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. रसवाला दोघांकडे बघत राहिला.

"जावा," आनंदराव म्हणाले.

"पण लोक काय म्हणतील?"

"लोक सावलीत बसल्यात, पाव्हणं! पळतोय आपण! जावा, नायतर मला परत पळावं लागंल!"

मास्तर दोन पावलं गेले. मागे वळून बघितलं. आनंदराव बाकावर बसून ग्लास उचलत होते. आणि मग, मंडळी, मास्तर पळाले! म्हशीला वाट देणारा माणूस वाऱ्यासारखा पळाला. असा पळाला, की शेवटच्या रेषेपाशी उभी असलेली रेवती आधी ओळखेचना, हे आपले बाबा म्हणून!

टाळ्या झाल्या. पण त्या टाळ्यांच्या मधून एक आवाज आला. कमलआक्का! "वा! मुलीचा बाप आला! आमचा दादा कुठाय? लग्नाआधीच मान कळला हो आम्हाला!"

शोभाताईंनी पदर तोंडाला लावला. शर्यत पुरी केली म्हणून मास्तरांच्या गळ्यात नुकतंच पडलेलं पदक त्यांनाच टोचायला लागलं. रेवती बापाच्या शेजारी जाऊन उभी राहिली. आता काय होतं? लग्न मोडतं? राहतं?

बऱ्याच वेळानं रस्त्यावर आनंदराव दिसले. चालत! रमत गमत! मिशीला रसाचा फेस!

आक्का धावली. "दादा! तुझा मान रं?"

"रसवंतीवर ठेवून आलोय, आक्के. लई जड व्हता. तुला पायजे तर जा, घेऊन ये."

आणि मग रेवतीकडे वळून म्हणाले, "पोरी, आमच्या घरात तुझ्या चालीनं चाल. पुढं जायचं तर खुशाल जा. कुणी मागं मागं राहिलं ना, की पुढच्याला बसून दमसुद्धा खाता येत न्हाई. मला आज कळलंय ते. पोटरीत कळलंय!"

लग्न झालं. तुळशीच्या लग्नानंतर, ठरल्याप्रमाणं. आक्का रुसली, जेवली, आणि परत रुसली. रीतच आहे.

तेव्हा मंडळी, हसलात? हसा! पण उद्या सुनेला 'मागे राहा' म्हणताना, साहेबाच्या मागे फाईल धरून चालताना, ज्याच्या मागे तुम्ही अदबीनं उभे आहात तो माणूस केव्हाचा खाली बसायला बघतोय का, हे एकदा तरी विचाराल? विचारत नाही आपण! मान दिला की झालं. तो घेणाऱ्याला झेपतो का, हे बघायची पद्धतच नाही! बोला, पवनसुत हनुमान की जय!

आणि जाता जाता, मंडळाला एक विनंती. देवळातला एकुलता एक पंखा मानानं अध्यक्षांकडे वळवलेला आहे. अध्यक्ष मघापासून शाल कानावर घेऊन शिंकताहेत, आणि इथं माझा सदरा पाठीला चिकटलाय. तर आरतीपुरता तरी तो जरा इकडे फिरवता का?