बाबल्याचा कीबोर्ड

तुमचं ते सपोर्टचं रडगाणं ठेवा बाजूला, आधी माझ्या बाबल्याची गोष्ट ऐका. मी पुण्याच्या ऑफिसात सपोर्टला होतो. दसऱ्याच्या सकाळी आमच्या मालवण शाखेतून बाबल्याचा फोन. दुपारच्या आत रिपोर्ट पाठवायचा आणि त्याचं मशीन वेडं झालेलं! मी रिमोटनं आत शिरलो. पी दाबला की प्रिंटची खिडकी, एन दाबला की नवी फाइल. त्याचे दोन्ही मॉनिटर खिडक्यांनी भरले. सगळी सेटिंग्ज पालथी घातली, उपयोग शून्य.

शेवटी विचारलं, "बाबल्या, कीबोर्डार काय ठेवलंस रे?"

"कायच नाय."

"नीट बघ."

"कायच नाय म्हणतंय मां! कालच्या पूजेचो नारळ आसा फक्त."

"कंट्रोलच्या बटणार?"

"होय."

"अरे, मग उचल तेका!"

"उचलू कसो? उत्तरपूजा खंय झाली?"

बारा वाजायला आलेले. म्हटलं, "घे हातात अक्षता." आणि भरल्या ऑफिसात, कानाला हेडफोन लावून, मी खणखणीत आवाजात 'पुनरागमनाय च' म्हटलं. बाबल्यानं अक्षता वाहिल्या, नारळ उचलला, आणि मशीन एकदम शहाणं झालं. रिपोर्ट वेळेत गेला.

वर बाबल्या विचारतो, "प्रसादाचा खोबरा आसा. तुझ्या रिमोटातून जाता काय बघ रे!"