गुरुजींच्या घरातला आड

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि शेषेराव गुरुजी स्मारक समितीचे प्रमुख माननीय रामकिशनराव, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, जिच्यासाठी आपण जमलो ती केवळाआत्या, आणि समोर बसलेल्या माझ्या गावकरी मायबापांनो,

मी सातवीतून शाळा सोडलेला माणूस. सध्या हैदराबादला सेंट्रिंगच्या कामावर असतो. त्याआधी सोलापूर, त्याआधी नांदेड. एका जागी माझं बूड टिकत नाही, हे आईनं तुम्हाला सांगितलंच असेल. गुरुजींची पुस्तकंही मी वाचलेली नाहीत. मग मला का उभं केलं? तर आडाचं कुलूप निघालं त्या दिवशी मी सुट्टीवर आलो होतो आणि सगळं डोळ्यांनी पाहिलं, म्हणून.

केवळाआत्या गुरुजींच्या घराची राखणदार. आज काम सोडून ती लेकीकडं, मुदखेडला निघाली. गुरुजी वारल्यावर समितीनं त्यांचं घर जसंच्या तसं जपलं. चष्मा, दौत, बसायचं घोंगडं, प्रत्येकापुढं पाटी: 'हात लावू नये'. त्या उत्साहात अंगणातल्या आडालाही पाटी लागली! गुरुजी त्याचं पाणी प्यायचे ना? मग आडही वस्तू झाला. वर लोखंडी झाकण, झाकणाला कुलूप. हसू नका, तेव्हा टाळ्या तुम्हीच वाजवल्या होत्या.

पुढं आपला लातूर वेगळा जिल्हा झाला. त्याचा गुलाल अंगावरून निघतो न निघतो, तोच पावसानं तोंड फिरवलं. गावची विहीर आटली. टँकर आला तर आला. एका सकाळी बाया घागरी घेऊन गुरुजींच्या दारात. त्यांच्यातली शिवगंगा म्हणाली, "आत्या, गुरुजी असते तर कुलूप लावून बसले असते का?"

आत्यानं किल्ली काढली. पण काय म्हणाली? "रहाटाला हात लावायचा न्हाई. रहाट वस्तू हाय, पाणी वस्तू न्हाई. आपापला दोर आना. आन् चपला भायेर!"

त्या आडावर पूर्वी कोण शेंदायचं आणि कोण लांब उभं राहून ओंजळ धरायचं, हे वडीलधाऱ्यांना मी सांगायला नको. आत्या आमच्या बुद्धवाड्यातली. ओट्यावर बसून तिनं सांगितलं, "रांग घागरीची लागंल. घराची न्हाई."

वरच्या आळीच्या धुरपताकाकू रागानं रिकामी घागर घेऊन परत गेल्या. दुपारी आल्या आणि आमच्या बुद्धवाड्यातल्या चांगुणाच्या मागं उभ्या राहिल्या. चांगुणा म्हणाली, "काकू, ऊन लागलं का?" काकू म्हणाल्या, "गप. तुजा दोर दे, माजा आखूड पडायलाय." त्या बघा, समोरच बसून हसायल्यात.

अध्यक्षसाहेब, आता तुमची पाळी. तुम्ही तरातरा आलात. "केवळाबाई, हे स्मारक हाय, पाणवठा न्हाई! किल्ली ठेवा, आन् उद्यापासून येऊ नका." आत्यानं किल्ली ओट्यावर ठेवली. तिचं काम गेलं, गावाचं पाणी गेलं. तेवढ्यात रांगेतून घागर घेऊन शिवकन्याकाकू पुढं आल्या, म्हणजे साहेबांच्याच मंडळी. "घ्या की किल्ली. आजचा सैपाक तुमीच करा, बिनपाण्याचा."

साहेबांनी किल्ली उचलली आणि आत्याच्या हातात दिली. चारचौघांत शब्द मागं घेणं सोपं नाही, साहेब. आजचा अर्धा सत्कार मी तुमचाच समजतो.

यंदा पाऊस बरा झाला. आडावर पुन्हा झाकण बसवायचं, असं समितीत बोलणं चाललंय म्हणे. काल मी आत्याला विचारलं, "निरोपाला काय देऊ? लुगडं, का भांडं?" ती म्हणाली, "लुगडी हायेत मला. आडाचं कुलूप द्या. मुदखेडला घेऊन जाते."

माझं मागणं तेवढंच. आपण शांतपणे ऐकलंत, उपकार झाले. बांधकामावर ओरडून बोलायची सवय आहे. आवाज चढला असेल, कोणाला शब्द लागला असेल, तर घरचा पोरगा समजून पोटात घाला.

आत्या, ऊठ. साहेब स्वतः कुलूप आणायला निघालेत.