सिंहाचं पत्र

— आणि काका म्हणू नकोस मला. आजोबा म्हण, नाहीतर नुसतं मुरलीधर म्हण, ए म्हाताऱ्या म्हटलंस तरी चालेल — काका नाही. का ते विचारू नकोस. तू खोली बघायला आलायस, खोली बघ. ही कॉट, ही खिडकी, हा हीटर. हीटरला एक लाथ घालावी लागते, मग चालतो, माझ्यासारखाच. बाथरूम खाली. हाउन्सलो वेस्ट स्टेशन चालत सात मिनिटं — तू पुण्याचा, तुला दहा लागतील, वाटेत चार माणसांच्या चुका काढशील. हसतोस काय? बरं, हस. थांब, विमान जाऊ दे... गेलं. दर दोन मिनिटांनी एक. सवय होते म्हणतात. मला इथे एकेचाळीस वर्षं झाली, अजून व्हायचीय.

त्या कपाटात हात — घातलासच? बूट आहेत ते. फुटबॉलचे. बाईमाणसाचे, हो, डोळे मोठे करू नकोस. डाव्याचं चामडं बघ, पुढून पातळ झालंय, आणि उजवा नव्यासारखा. डावखुरी होती. माझी मुलगी? छे! देवयानीला चेंडू आणि कोबी यातला फरक कळत नाही. ती लीड्सला, हॉस्पिटलात. तिनेच मंडळाच्या बोर्डावर ही खोलीची जाहिरात लावली, मला न विचारता — बाबा, एकटे राहू नका म्हणे. बूट मारितचे. हॉलंडची पोरगी. भाडेकरू होती इथे, तीन वर्षं. कपाट तुझं, पण खालचा कप्पा बुटांचा. पटत असेल तर बस, नाहीतर स्टेशन सात मिनिटं.

बसलास? मग ऐक. मी विमानतळाच्या किचनमध्ये तीस वर्षं ट्रे धुतले. चौथीतून शाळा सोडलेला माणूस, दुसरं काय देणार मला. रिटायर झालो आणि मागच्या या मैदानावर चुन्याच्या रेघा मारायला लागलो — ती चाकाची गाडी असते बघ, ढकलत न्यायची. सुनीती, माझी बायको, कुंपणापाशी उभी राहून म्हणायची, 'जन्मात दारात एक रांगोळी काढली नाहीत, आता इंग्रजांच्या मैदानात काढताय!' तर तिथे मुलींचा क्लब होता, क्रेनसाइड लेडीज. दोन हजार साली त्यांच्या मालकाच्या डोक्यात आलं, की मुलींना पगार द्यायचा, पूर्णवेळ, नोकरीसारखं खेळायचं. तोवर सगळ्या दिवसभर दुकानात नाहीतर शाळेत, आणि संध्याकाळी चिखलात. मग बाहेरच्या पोरी आल्या. त्यांच्या हॉलंडात तेव्हा बाईच्या फुटबॉलला कोणी दमडी देत नव्हतं, म्हणून ही आली. बावीस वर्षांची, ताडासारखी उंच, पाठीवर एक बॅग. नाव सांगितलं, मारित. सुनीती म्हणाली, 'मारीत? काय मारीत?' मी म्हटलं, गोल मारीत, आणखी काय! आणि मारले ना. पहिल्या वर्षी तेवीस. मीच मारलेल्या रेघांच्या आत, मी मोजलेत.

काका-काकू तिने आपणहून उचललं. प्रसादाला डावा हात पुढे करायची, सुनीती चापट मारून उजवा करायला लावायची — 'चेंडूला डावा, देवाला उजवा.' हे मराठीतून हं. आणि तिला कळायचं! भाषा काय, चापट सगळ्यांना कळते.

तिला हवं काय होतं माहितेय? एकच. तिच्या देशाचा केशरी शर्ट. क्लब, पगार, हे घर — सगळं त्याच्यासाठी. गाव तिचं समुद्राहून खाली, बांध घालून अडवलेलं, तिथे मुलग्यांत खेळून मोठी झालेली. घरून सांगून आली होती, दोन वर्षांत त्यांनी बोलावलं नाही तर परत येते. बोलावणं पत्राने यायचं. म्हणून रोज प्रॅक्टिसवरून आली की दारातच, बूट काढायच्या आधी — 'काका, पोस्ट?' एवढंच. काका, पोस्ट? मी म्हणायचो, नो पोस्ट. ती म्हणायची, उद्या. उद्या शब्द सुनीतीने शिकवलेला.

आता तू म्हणशील, मग आलं का पत्र. आलं. दोन हजार एक, जानेवारी. मी मैदानावर, सुनीतीने घेतलं. कुंपणावरून ओरडली, 'अहो, मारितला सिंहाचं पत्र आलंय!' लिफाफ्यावर केशरी सिंह, मागच्या पायांवर उभा, जीभ बाहेर — हॉलंडच्या टीमचं निशाण ते. आता तिला सिंह म्हणजे काय? देवीचं वाहन! आणि रंग शेंदराचा. तिने ते देव्हाऱ्यात ठेवलं, देवीच्या तसबिरीखाली. संध्याकाळी कुंकू लावून पोरीच्या हातात देऊ, म्हणाली. आपल्यात जातंच की आधी देवापुढे — तुझा पास झाल्याचा कागद गेला असेल, व्हिसा गेला असेल. गेला ना? मग. त्यात काय चुकलं तिचं?

अडीचला ती गेली. दुपारी, भाजी चिरताना. अर्धी फरसबी चिरलेली, अर्धी तशीच.

नाही, पाणी नको मला. बस तू.

— तर देव्हाऱ्याची दारं लावली. सुतकात देवाला हात लावायचा नाही, तुला सांगायला नको. गावी कसं, माणूस गेलं की संध्याकाळच्या आत जाळलं, तेरावं झालं, मोकळे. इथे मेल्यावरसुद्धा नंबर लागतो. डॉक्टरचा कागद, कौन्सिलचा कागद, मग स्मशानाची तारीख — नऊ दिवसांनी, बुधवार, सव्वाअकरा ते बारा, पुढच्या मढ्याचे लोक बाहेर सूटबूट घालून उभे. देवळातल्या गुरुजींना विचारलं, ते म्हणाले, जाळल्या दिवसापासून मोजा. मी अडाणी, मी मोजलं. नऊ आणि तेरा. बावीस दिवस दारं बंद. सिंह आत. आणि माझ्या डोक्यातून पार गेलेला, अरे, बायको गेली होती माझी, सिंह कुठला लक्षात राहतोय?

आणि पोरगी काय करत होती? प्रॅक्टिसला जात नव्हती. क्लबने दोन दिवस दिले, हिने आठ घेतले. देवयानीला तेव्हा परीक्षा, ती येऊन-जाऊन. ही मात्र इथे, माझ्या समोर. वरणभात करायची, सुनीतीच्या हाताखाली शिकलेली, मीठ विसरायची. मी खायचो. आणि बावीस दिवसांत तिने एकदाही विचारलं नाही — काका, पोस्ट? माझ्या तोंडाकडे बघून विचारलं नाही.

पाचव्या दिवशी फोन आला. मी उचलला. कोणी पुरुष, गोरा, बोलणं जाड. मारित, मारित, आणि कम, कम एवढंच कळलं. मी म्हटलं, 'नो कम. डेथ इन हाउस.' तो सॉरी सॉरी म्हणाला आणि ठेवला. मला वाटलं, क्लबचा कोच. इतकंच. आता माझं इंग्रजी हे असं, त्यात दुःख, त्यात वरून विमान — कोणाकडूनही होईल. होईल ना? तू मान हलवतोयस, पण बघतोयस जमिनीकडे.

मग तिच्या आईचा फोन. टीमची यादी लागली होती तिकडे. ही जिन्यात बसली, तिसऱ्या पायरीवर. 'काका, मला नाही बोलावलं. मी नाही तेवढी चांगली.' मी डोक्यावर हात ठेवला तिच्या. खरंच सांगतो, तोवर मला माहीत नव्हतं. तीन दिवसांनी सुतक फिटलं, दारं उघडली, आणि तसबिरीखालून ती केशरी जीभ बाहेर.

द्यायला हवं होतं. अरे, मला कळतं, तू कशाला सांगतोस! पोरीने सुनीतीचा फोटो बॅगेत घातला होता, प्रत्येक मॅचला न्यायची. तिला कसं सांगू, तुझ्या काकूनेच ठेवलं म्हणून? गेलेल्या बाईला बोल कसा लावू? म्हटलं, पुढच्या वर्षी परत बोलावतील. तेवीस गोल मारलेत, आंधळे आहेत का ते? पुढच्या वर्षी.

पुढच्याच शनिवारी मॅच. चिखल. ती अशी खेळत होती, जशी कोणाला काही दाखवून द्यायचंय. चेंडू बाहेर चालला होता, गेलेलाच होता, माझ्या रेघेच्या पलीकडे, कोणी धावलं नसतं. ही धावली. डाव्या पायावर वळली आणि आवाज आला. ओलं लाकूड मोडावं तसा. मी रेघेवर उभा होतो, इथून खिडकीबाहेरच्या त्या बाकापर्यंत असेल इतकं अंतर. ऑपरेशन, वर्षभर कुबड्या. तोवर क्लबच्या मालकाची हौस फिटली, पगार बंद, सगळ्या पुन्हा दुकानात. ही त्यानंतर दीड वर्ष खेळली. बेंचवर बसायची जास्त. शेवटची वीस मिनिटं उतरवायचे, गुडघा बांधून. पुन्हा कुठलं पत्र आलं नाही. मग गेली घरी. बूट टाकून गेली, म्हणाली, काका, आता नको. आता पोरांना पोहायला शिकवते म्हणे, तिच्या गावात.

दर डिसेंबरला कार्ड येतं. हे बघ, हे परवा आलंय. देवयानी जानेवारीत येईल तेव्हा वाचेल — तू आलायस, तू वाच. आधी इंग्रजीत नको, सरळ मराठीत सांग. हां. बरी आहे. बर्फ पडला. बरं. मुलगी पाच वर्षांची झाली, हो, माहितेय, तिचं नाव नीती ठेवलंय, ते गोरे लोक म्हणतात कसं कोण जाणे. पुढे? ...काय? परत वाच. तिकडे कपाटावरचा तिचा खेळतानाचा फोटो बघून पोरीने विचारलं, आई, तू चांगली खेळायचीस का — आणि ही काय म्हणाली? 'निअरली'? निअरली म्हणजे? ...जवळजवळ.

जवळजवळ. दहा वर्षं ती स्वतःला हे सांगतेय. आणि आता पोरीला.

थांब. विमान जाऊ दे.

चल, खाली ये. तो देव्हारा उघड. पायातलं काढ आधी. तसबिरीखाली. हो, तेच. उलटंपालटं करू नकोस, बंदच आहे. फोडलंच नाही मी. म्हटलं, बंद आहे तोवर आत काहीही असेल, जाहिरात असेल, पोहोच असेल. तुझ्या नजरेला नजर देऊन सांगतो, मला माहितेय आत काय आहे. फोनवर त्यांच्या टीमचेच लोक होते. आणि ऐक, आता एवढं ऐकलंस तर हेही ऐक. मी फोन ठेवला तेव्हा ती आतून म्हणाली, 'कोण, काका?' मी म्हटलं, राँग नंबर. क्लबचा कोच समजत होतो ना मी? मग राँग नंबर का म्हटलं? सांगितलं असतं तर ती प्रॅक्टिसला गेली असती. मला घरात एकटं राहायचं नव्हतं. एवढंच होतं ते. काकू नाही, देव नाही, सुतक नाही. मीठ नसलेलं वरण होतं आणि समोर कोणीतरी बसलेलं हवं होतं.

पेन आहे? त्या खणात मोठा लिफाफा आहे, घे. कार्डावर तिचा पत्ता आहे, तो नीट अक्षरात लिही. आणि एक चिठ्ठी. इंग्रजीत. लिही — हे तुझं पत्र, तेव्हाच आलं होतं. काकूने देवापुढे — नाही. खोड ते. सुनीतीचं नाव खोड, दिसता कामा नये. लिही, मी लपवलं. फोन मी घेतला, मी नाही म्हणालो. लिही, तू जवळजवळ नव्हतीस. तू होतीस. मुलीला सांग. माफ कर लिहू नकोस, ते तिचं ती बघेल. खाली काका लिही — नको... लिही. अजून एकदा लिही.

चिकटव. तिकिटं त्या डबीत, परदेशाची, सहा लाव, कमी पडायला नकोत. आज शनिवार, कोपऱ्यावरची पेटी बाराला रिकामी करतात. पावणेबारा झालेत. पुढच्या डिसेंबरला कार्ड येणार नाही, ठाऊक आहे मला. तू काही बोलू नकोस.

खोलीचं नंतर बघू. तुझे बूट हातात घे, बाहेर घाल. सुनीती म्हणायची, निघालेल्याला मागून हाक मारू नये, काम होत नाही. मी मारणार. मला मी माहितेय, तू फाटकापर्यंत पोचायच्या आत मारणार. वळू नकोस. जा. जा म्हणतो ना —