पथ्याचा महिना

...आन् वर काय म्हनत्यात? "अण्णा, तुमी जेवून घ्या!" आवं, घ्या म्हंजे काय घ्या? मानूस काय नुस्तं पोट भरायला जेवतंय व्हय? तुमास्नी सांगतो मंडळी, आमच्या कुंडलच्या आकारामचं दुखनं ह्येच. फौजेत आचारी हुता गडी. चोवीस वर्सं! दोनदोनशे जवान पंगतीला, ह्यो डाव घेऊन हुभा. समद्यास्नी वाढायचा आन् मनात एकच... पेन्शनीत घरी जायाचं, आपल्या मानसांत मांडी घालून बसायचं, बायकूला, बनुबाईला म्हनायचं, "वाढ गं!" आता बनुबाई पेन्शनीला चार म्हयनं ऱ्हायलं हुतं तवाच गेली. ऱ्हायली काय? नुस्ती पंगत.

आन् ती तरी कुटली? ल्योक जयराज इस्लामपुरास्नं येताना गाड्यावरचं मंचुरियन आनतोय, सून पल्लवी शाळेत शिकवून दमती, ती पलूसातनं पिझ्झा घेती, नात क्रांतीचा बर्गर तिच्या खोलीत. तिघांची तीन खोकी, तीन कोपरं! आन् आकाराम? वांग्याचं कालवन, ज्वारीची भाकरी करून दाराकडं बघतोय... "अण्णा, तुमी जेवून घ्या!"

मग एक दिस सकाळच्या पारी जयराज पोट धरून आडवा. दवाखान्यात न्हेला. डॉक्टर म्हनलं, "वय अडतीस, लिव्हरवर चरबी, साखर काठावर! महिनाभर घरचंच जेवायचं, रात्री साडेसातच्या आत. बाहेरचं बंद!" पल्लवी रडाय लागली. आकारामच्याबी डोळ्यांत पानी आलं, बापच त्यो! पन खरं सांगू? त्याच काळजात एक गुदगुली झाली... साडेसात! घरात! लय लाज वाटली त्याला स्वताची. पन गुदगुली काय थांबंना!

पल्लवी म्हनली, "ह्यांच्यासमोर आपण चमचमीत कसं खायचं?" झालं, चौघं बसली की एका वळीत! पयल्या दिवशी नुस्ता भाकरी मोडल्याचा आवाज. तिसऱ्या दिवशी क्रांती म्हनली, "आबा, लडाखात भाकरी गोठायची का?" आवं, सुटला की आकाराम! बर्फ वितळवून डाळ कशी टाकली, सुभेदाराच्या मिशीला वरन कसं गोठलं... जयराज हसाय लागला. पोटाला हात लावून हसला! म्हनला, "अण्णा, डाळीत जरा गूळ टाका उद्या. आई टाकायची." गड्यानं त्वांड फिरवलं. ल्येकाला डाळीत गूळ लागतोय, ह्ये बापाला अडतीस वर्सांनी कळावं?

पन म्हयना कवा कुनासाठी थांबलाय? रिपोर्ट आलं. चरबी उतरली, साखर खाली. घरात आनंदीआनंद! आन् आकाराम गपचूप यष्टीत बसून दवाखान्यात.

"डॉक्टरसाहेब, पोराच्या कागदावर आनिक म्हयनाभर पथ्य लिवा की."

"अहो, तुमचा मुलगा बरा झालाय!"

"त्येच तर सांगतोय न्हवं!"

डॉक्टरनी चष्मा काढला. म्हनलं, "काका, प्रेमाचं प्रिस्क्रिप्शन आमच्याकडं नसतं." आता ह्याला काय म्हनावं? शिकल्यासवरल्या मानसानं असं बोलावं?

झालं, सोमवारपासनं परत तेच... "अण्णा, तुमी जेवून घ्या!" दुधी तसाच, डाळ तशीच, वर गुळाचा खडा. आठवडा गेला. एकटाच बसायचा गडी, घास हातात घेऊन.

पन पल्लवीच्या ध्यानात आलं बगा. रविवारी म्हनली, "अण्णा, महिनाभर तुम्ही राबलात. आज स्वयंपाकाला सुट्टी! आपण चौघं इस्लामपूरला जाऊ." कुटं? तर पिझ्झाच्या दुकानात! आकाराम गेला. धोतर सावरत त्या लाल खुर्चीवर बसला. चौघं एका टेबलाला! क्रांतीनं पयला तुकडा आबाच्या ताटलीत वाढला. जयराज गप्पा मारतोय, पल्लवी हसतीया, चीज रबरावानी तानतंय आन् आकाराम चावतोय... चावतोय...

"कसाय, अण्णा?" जयराजनं इचारलं.

"झ्याक हाय," त्यो म्हनला. "दर रविवारी येऊया."

तवापास्नं दर रविवारी जातोय गडी. परवा औषधाच्या दुकानात गाठ पडली. पित्ताच्या गोळ्या घेत हुता. म्या म्हनलं, "आरं आकाराम, पचत न्हाई तर खातोस कशापायी?"

तर मला म्हनतोय कसा, "आता काय करतोस गड्या... आमची पंगत तितंच बसतीया!"