वरचं सप्तक

(बिबवेवाडीतला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. पियानो भिंतीपासून पुढे ओढलेला. पियानो शिकवणाऱ्या श्यामलाबाई आणि मुंबईहून आलेली त्यांची मुलगी ओवी.)

श्यामला: दोष तुझ्या माईकमध्ये आहे.

ओवी: आई, दोन्ही माईक माझ्या स्टुडिओतले आहेत. परवाच त्यांच्यावर सिनेमाचं काम केलंय मी.

श्यामला: मग खोलीत असेल. भिंतींवर गोधड्या टांगल्यास, घर आहे की धोबीघाट कळेना. पंखा बंद, फ्रिज बंद. दूध नासलं तर आण तुझ्या स्टुडिओतून.

ओवी: गोधड्या लावल्या म्हणून घुमणं थांबलं. आधी नुसती टाळी वाजवली तरी परत येत होती. पियानो पुढे ओढून मागची फळी काढली, तर खालचे स्वर बघ किती मोकळे आलेत. खोलीचा काही प्रॉब्लेम नाहीये.

श्यामला: मग पुन्हा का वाजवायचं? बोटं दुखतात माझी. बोटं धड असती तर रविवारी माझ्या सत्काराला लोकांसमोरच वाजवलं असतं. तुझ्या यंत्रांचे उपकार लागले नसते.

ओवी: वरचं सप्तक उतरलंय, आई. एकेका स्वराच्या तारा आपसात जुळत नाहीयेत. फार वाईट ऐकू येतं.

श्यामला: काहीतरीच!

ओवी: ट्यूनर कधी आला होता?

श्यामला: त्याचं येणं मी बंद केलं. काही बिघडलेलं नसताना तास न् तास तारा पिळत बसायचा.

ओवी: बंद केलंस? कधीपासून?

श्यामला: झाली असतील दोनेक वर्षं. अगं, सूर उतरला तर मला कळणार नाही? तू मला शिकवणार?

ओवी: बरं. हे हेडफोन लाव. मघाचंच रेकॉर्डिंग आहे, दोनदा ऐकवते. काय फरक वाटतो सांग. हे पहिलं… आणि हे दुसरं.

श्यामला: सारखीच आहेत की दोन्ही.

ओवी: नक्की?

श्यामला: नक्की म्हणजे? परीक्षा घेतेयस का माझी?

ओवी: दुसऱ्यात वरचं सप्तकच नाहीये, आई. मी ते काढून टाकलंय.

श्यामला: पुन्हा लाव.

ओवी: राहू दे ना.

श्यामला: लाव म्हणते ना! पहिलं लाव… आवाज वाढव… अजून.

ओवी: एवढा आवाज बरा नाही कानाला.

श्यामला: टक टक येतंय नुसतं. लाकडावर लाकूड आपटल्यासारखं.

ओवी: ती आतली हातोडी. तिच्यानंतर स्वर आहे.

श्यामला: …हे तू सरळ सांगू शकली असतीस.

ओवी: सांगितलं की. काहीतरीच, म्हणालीस.

श्यामला: नाही. तुला मला पकडायचं होतं.

ओवी: हो. होतं.

श्यामला: एवढं काय केलंय मी तुझं?

ओवी: आठवीत असताना, याच खोलीत, तुझ्या सगळ्या विद्यार्थ्यांसमोर तू पियानोचं झाकण लावलंस. माझी बोटं निघायच्या आत. म्हणालीस, हिला कान नाही, उगाच पियानोचे हाल. त्यानंतर मी त्याला हात लावला नाही. का लावत नाही, असं तू कधी विचारलंसही नाही.

श्यामला: तू बेसूर वाजवायचीस. ते काय खोटं होतं?

ओवी: पियानो बेसूर वाजवता येत नाही गं. पट्टी दाबली की तिचा जो असेल तो स्वर येतो. मी चुकीच्या पट्ट्या दाबायचे. तू मागे उभी असायचीस म्हणून.

श्यामला: …पूर्वाही म्हणाली होती.

ओवी: कोण पूर्वा?

श्यामला: शिकायला यायची. दहावीतली. फार गोड हात. दिवाळीनंतर एकदा म्हणाली, बाई, वरचे स्वर टोचतात हो. मी म्हटलं, घरी जा, कान धुऊन ये. ती परत आलीच नाही. मला वाटलं, शिंगं फुटली.

ओवी: फोन कर तिला.

श्यामला: आणि काय सांगू?

ओवी: हेच. आत्ता मला कळलं ते.

श्यामला: म्हणजे गावभर होईल. रविवारी माझा जुना विद्यार्थी सुदर्शन भाषण करणारे माझ्यावर. विषय काय ठेवलाय माहितीये? ‘बाईंचा कान’. पत्रिकेत छापलंय तसं.

ओवी: तुला खरंच कधी शंका आली नाही?

श्यामला: पुसट होत चाललंय एवढं कळायचं. वाटलं, पियानो म्हातारा झाला.

ओवी: कानाच्या डॉक्टरांकडे जायला हवं, आई.

श्यामला: डॉक्टर नंतर. आधी ट्यूनरला बोलाव, उद्याच. दुपारी रेकॉर्ड करून टाकू. आणि तो काम करेल तेव्हा तू इथे माझ्याशेजारी बस.

ओवी: मी कशाला? मला तर कान नाही.

श्यामला: जुळलं की नाही, ते त्याला कोणीतरी सांगायला हवं. मला नाही सांगता येणार.

ओवी: नंबर दे, बोलावते त्याला. पण मी नसेन. सकाळच्या गाडीनं मुंबईला जातेय.

श्यामला: आणि रेकॉर्डिंग?

ओवी: ते दुसरं देऊन जाते. वरचे स्वर नसलेलं. हॉलमध्ये चालून जाईल.

श्यामला: तू रविवारपर्यंत थांबणार होतीस ना?

ओवी: हो. थांबणार होते.