माझी रिपोर्ट जेठाच्या फोनात

माझं माहेर डोईफोडियाचं, जंगलाच्या कडेचं. तिथं दवाखाना म्हणजे काय, एक कंपाउंडर सायकलवर यायचा. पण तो माणूस बोलायचा हो. माझ्या आईले म्हणायचा, बाई, तुझ्या अंगात रक्त नाई, पालक खा, शेवगा खा, सुईले भिऊ नको. आईनं ऐकलं नाई की बापाले वावरातून बोलवून सांगायचा. मी हे पहिले काऊन सांगून राह्यली ते पुढं कळंल तुमाले.

लग्न होऊन इथं जैनाबादले आली. काम म्हणाल तं पूल ओलांडून लालबागले जाते, केळीच्या वेफरचा कारखाना आहे, तिथं कच्ची केळी सोलते. कच्च्या केळीचा चीक लई वाईट, हा अंगठा पाहा, काळाठिक्कर, रेघा पार गेल्या, तेल लावा, चिंच लावा, निघत नाई म्हणजे नाई. आमचे हे केळीच्या ट्रकवर ड्रायव्हर, आज दिल्ली तं उद्या कुठं. लेकरू आमाले झालं नाई. घरात मी, हे, अन् माझे जेठ, म्हणजे ह्यायचे थोरले भाऊ.

आता जेठाचं ऐका. आमच्यात जेठासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाई, सरळ बोलत नाई, ते बी माझ्याशी बोलत नाई. त्यायची बायको, माझी जेठानी, व्हती तवा निरोपाची ने-आण तिच्याकडे. ती मागल्या साली गेली. तवापासून आमी दोघं भिंतीशी बोलतो. हसू नका, खरंच सांगते. ते ओसरीत बसून भिंतीले म्हणतात, आज वरणात मीठ कमी वाटते. मी आतून चुलीले म्हणते, तेलाचा डबा खाली झाला, आणावा. असं आमचं घर चालते, अन् चांगलं चालते. देवमाणूस आहे, कधी मले खाली पाहायले लावलं नाई.

तं मले पाळी जाऊन कैक वर्षं झाली व्हती, अन् परत अंगावर जाऊ लागलं. आधी वाटलं उष्णता असंल. मंग थांबेना, तं शहरातल्या मोठ्या दवाखान्यात गेली. खिडकीवरची पोरगी म्हणे मौसी, पहले कार्ड बनेगा, अंगूठा लगाओ. लावला. मशीननं घेतला नाई. पुसून लावला, थुंकी लावून लावला, कुठून घेईन, रेघाच नाई तं. मंग म्हणे मोबाइल नंबर बोलो. आता आमच्याकडे घरचा नंबर म्हणजे जेठाचा नंबर. गॅसची टाकी त्याच्यावर, राशन त्याच्यावर, विजेचं बिल त्याच्यावर. मी तोंडपाठ सांगतला. पोरगी खूश. म्हणे अब सब अ‍ॅप में आएगा, कागज संभालने का झंझट ही नहीं. मी बी खूश झाली, काय सांगू तुमाले, येडी मी.

आत डॉक्टरीणबाई. मान वर नाई केली तिनं. गर्भाच्या पिशवीतला तुकडा काढून तपासायले पाठवला. मी विचारलं, बाई, काय असंल? म्हणे रिपोर्ट मोबाइल पे आएगी. मी म्हटलं, वाईट तं नाई ना? म्हणे रिपोर्ट में लिखा आएगा, अगला पेशंट. एवढं बोलायले काय लागते हो माणसाले, आपल्या अंगाचा तुकडा काढून दिला आपण, तं आपल्या तोंडाकडे पाहायचं बी नाई?

मी घरी आली, वाट पाहून राह्यली की काही वाईट असंल तं दवाखान्यातून कोणी बोलावंल. कोणी बोलावलं नाई, तं वाटलं काही निघालं नसंल. कामावर जाऊ लागली. पण इकडे जेठायचं काही तरी बिघडलं. रोज डाळिंब आणायचे. पाण्याचा हंडा मी उचलायच्या आधी आत आणून ठेवायचे. जेवण सोडलं. भिंतीले म्हणायचे, माणसानं आपल्या जिवाले जपावं, दवाखान्यात जावं, टाळू नये. मले वाटलं त्यायलेच बरं नाई, जेठानीच्या आठवणीनं खंगून राह्यले. मी चुलीले म्हटलं, मंग जाऊन यावं की दवाखान्यात, कोणी अडवलं. ते उठून बाहेर गेले.

अंगावर जायचं काही थांबलं नाई, तं मी परत गेली. तिथली सिस्टर कंप्युटरात पाहून माझ्यावरच उखडली. अरे, आपकी रिपोर्ट तो कब की आ चुकी, अ‍ॅप में खोलके देखी भी है, अब तक कहाँ थीं आप? बच्चेदानी में कैंसर की शुरुआत है. असं, भरल्या रांगेत, उभ्या उभ्या. कॅन्सरचं नंतर डोक्यात शिरलं पाहा, पहिले हेच शिरलं, की देखी भी है. कोणी देखी?

घरी आली. ते ओसरीत बसले व्हते. मी पदर मागे टाकला अन् पहिल्यांदा त्यायच्या डोळ्यात पाहून बोलली, भाऊ, तुमाले ठाऊक व्हतं? तो एवढा मोठा माणूस, लेकरावानी रडाले लागला. म्हणे बाई, तुझ्या जेठानीच्या कागदावर बी असेच शब्द व्हते, मी वाचले अन् फोन खिशात लपवला. तुले सांगू तं कोणत्या तोंडानं, पिशवीचं नाव जेठानं घ्यावं कसं? भावाले फोन लावला तं तो घाटात गाडी चालवून राह्यला, सांगायची हिंमत झाली नाई. गल्लीत सांगू तं बोभाटा. म्हणून दवाखान्यात गेलो, खिडकीसमोर हात जोडले, म्हटलं मी जेठ आहे, मले हे सांगता येत नाई, तुमी त्यायले बोलवून सांगा. तं पोरगी म्हणे, आपने देख ली ना रिपोर्ट? फिर हो गया, हमारी तरफ से पहुँच गई.

पहुँच गई! कोणाले पहुँच गई? बाई माझी, पिशवी माझी, मरण माझं, अन् रिपोर्ट जेठाले? माझा त्यायच्यावर जो राग व्हता तो तिथंच उतरला, अन् सगळा त्या खिडकीवर गेला. दुसऱ्या दिवशी जेठाच्या मोटरसायकलवर मागे बसून पूल ओलांडला, सारं जैनाबाद पाहत व्हतं, पाहू दे. डॉक्टरीणबाईच्या टेबलासमोर उभी राह्यली. म्हटलं, आमच्या घरात बोलायची बंदी आहे, आमची रीत आहे. तुमाले कोणती रीत आडवी आली? तुमी तं शिकल्या, तुमाले पगार बोलायचा बी भेटते. आमचा कंपाउंडर सायकलवर यायचा, तरी सांगून जायचा. बाईनं पहिल्यांदा मान वर केली. खुर्ची दिली. चित्र काढून समजावलं, किती पसरलं, काय कापायचं. तेवढ्याले तिले किती वेळ लागला? चहा थंड होत नाई तेवढा.

इंदूरले ऑपरेशन झालं. हे ट्रक सोडून आले, उशाशी बसून राह्यले. जी पिशवी कधी कामाले आली नाई ती काढून टाकली, तरी तिच्यासाठी मी रडली. डॉक्टर म्हणतात टाइमावर निघाली. पण माझं मन म्हणते, ते दिवस माझे वाया कोणी घालवले?

आता माझा फोन आहे, माझा नंबर आहे. अ‍ॅप वाईट नाई, खोटं काऊन बोलू, इंदूरचे सारे पेपर त्यात आहेत, पिशवी भरून न्यावे लागत नाई. जेठ अजून बी भिंतीकडेच पाहून बोलतात, जन्माची सवय. पण आता भिंतीले म्हणतात, तपासणीची तारीख उद्याची आहे, रिपोर्टमधी काय आलं ते विचारून यावं. शरम बाजूले ठेवून शब्द बोलतात बिचारे.

परवा तपासणीले गेली तं खिडकीवर तीच पोरगी. म्हणे मौसी, मैसेज आ जाएगा, घर जाओ. मी म्हटलं येऊ दे बेटा, देव तुले सुखी ठेवो, तुझ्या हाताले यश देवो. पण आधी तोंडानं सांग. अन् बाकावर बसली. जवळची बाई म्हणे, तुमी कायले थांबल्या? मी म्हटलं, आपलंच ऐकायले थांबली. तं ती बी बसली.