ओल्या पुठ्ठ्याचा वास

चिमी: ती पर्स मांडीवरून खाली ठेव आधी. बसस्टॉपवर बसल्यासारखी काय बसलीयेस, वहिनी?

वहिनी: असू दे. बरी आहे मांडीवर.

चिमी: आपलंच टेबल आहे, तुझीच खुर्ची आहे. वर्ष झालं, रिकामी ठेवलीये. वेटर दर वेळी उचलायला येतो आणि मी दर वेळी त्याच्यावर डोळे वटारते.

वहिनी: तेच सांगायला आलेय. नको ठेवूस आता. आज जेवते तुमच्याबरोबर, गप्पा मारते. पुढच्या वेळेपासून त्या दातांच्या डॉक्टरांना बोलवा. बिचारे कधीचे विचारताहेत.

चिमी: तो दातवाला? वहिनी, तो दोन घोटांच्या मधे चूळ भरतो!

वहिनी: भरू दे. त्यांना वास येतो ना? मला नाही येत. वाईनच्या टेबलावर बसून मी काय करू, रंग बघू?

चिमी: माझ्याशी बोल. दादाच्या चहाड्या सांग. एवढी वर्षं तेच तर करत आलो.

वहिनी: चिमे, ऐक. त्या तापानं माझं नाक गेलं, ते गेलं. मधे काही दिवस आलं, तर सगळ्याला जळक्या रबराचा वास. कॉफीला, साबणाला, तुझ्या दादाला. मग तेही गेलं. दूध नासलंय का ते हुंगून दादा सांगतो. गॅस बंद आहे का ते तो बघतो. तेवढं मी सोसते, कारण घरी इलाज नाही. पण इथं येऊन तुम्ही दोघं अहाहा म्हणणार आणि मी मान डोलावणार, ते मला नाही जमायचं. आज सांगून मोकळी होते.

चिमी: वकिलांना सांगून बघ. ऐकून घेतात का ते.

वहिनी: ते आले की सांगते.

(वकील येतात. काखेत टॉवेलात गुंडाळलेली बाटली, तान्हं मूल धरावं तशी.)

वकील: उशिराबद्दल क्षमस्व! गाडी मुंगीच्या चालीनं आणली. मागचे लोक हॉर्न वाजवून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. पण बाटलीत तळाशी गाळ बसलेला आहे, तो हलवायचा नव्हता. डॉक्टरीणबाई! अखेर आपण हजर झालात. आता कामकाज सुरू करायला हरकत नाही.

वहिनी: वकीलसाहेब, कामकाजाआधी मला एक सांगायचंय.

वकील: नंतर. आधी हा टॉवेल.

चिमी: अहो, टॉवेल काय काढताय? बाटली झाकलेली ठेवायची, आधी नाकानं ओळखायची, मग लेबल बघायचं. नियम तुम्हीच केलाय!

वकील: केला होता. आज तो तहकूब. बघा.

चिमी: थांबा, थांबा. ही... जिन्याखालची?

वकील: जिन्याखालचीच.

वहिनी: वकीलसाहेब, नाही. ही आज नाही.

वकील: का नाही? हिच्यामुळे तर आपली ओळख. (चिमीकडे वळून) कोचबाई, तुम्ही तेव्हा नव्हतात. माझ्या हृदयाच्या ऑपरेशनला ह्यांनी मला भूल दिली. सुई टोचली, आणि शुद्ध हरपता हरपता मी काय म्हणालो?

वहिनी: म्हणालात, जिन्याखाली एक बाटली आहे, ती माझ्या मेहुण्याला देऊ नका.

वकील: आणि मी डोळे उघडले, तेव्हा डॉक्टरांनी विचारावं की कसं वाटतंय, कुठं दुखतंय. ह्या बाईंनी विचारलं, कोणती बाटली?

चिमी: वहिनी, हे तू मला कधी सांगितलं नाहीस!

वहिनी: पेशंटचं गुपित होतं.

वकील: तेव्हाच ठरवलं, ही फोडायची तर डॉक्टरीणबाईंसमोर. मुलीच्या लग्नात नाही काढली, निवृत्त झालो तेव्हा नाही काढली. आज तुम्ही येणार कळलं आणि मी सरळ जिन्याखाली शिरलो.

वहिनी: पण माझ्यावर वाया जाईल हो. मातीचा घडा आणि मी, सारखेच सध्या.

वकील: घड्याशी बोलण्यापेक्षा तुमच्याशी बोललेलं बरं. कोचबाई, तो चिमटा द्या. ह्या वयाच्या बुचाला स्क्रू लावायचा नाही, दोन पात्यांनी हळूच... या बाईसाहेब, या... अरेरे.

चिमी: भुगा झाला.

वकील: म्हातारं बूच आहे, व्हायचंच. गाळून घेऊ. काचेच्या चंबूत ओततो. वाट्टेल ते बोला, फक्त माझ्या कोपराला धक्का नको.

चिमी: रंग बघ वहिनी! कडेला विटेसारखा झालाय.

वहिनी: सुंदर आहे.

वकील: घ्या. पहिला शब्द नेहमीप्रमाणे डॉक्टरीणबाईंचा.

वहिनी: नको. मी शेवटी बोलते. चिमे, तू बोल.

चिमी: बरं. अं... जुनं लाकडी कपाट उघडल्यासारखं. चामडं. आणि पावसाळी जंगल असतं ना, पानं कुजून गेलेली, तसं. भारी आहे, वकीलसाहेब.

वकील: बाटली ज्याची त्यानं गप्प बसायचं, हे मला मान्य आहे. तरीपण अल्पमतीनुसार नमूद करतो की काय ती खोली! काय तो संयम! तरुण वाईन आल्या आल्या गळ्यात पडते. ही बसते, विचार करते. फळ मागे सरलंय, पण वयोमानाप्रमाणे तेवढं चालायचंच. एखाद्या निवृत्त न्यायाधीशासारखी आहे.

चिमी: हो ना. गप्प गप्प आहे जरा.

वकील: भारदस्त म्हणा.

चिमी: भारदस्त. वहिनी? ग्लास नाकाशी धरून तशीच काय बसलीस? वहिनी, रडतेयस?

वहिनी: नाही ग. मला उठू दे, चिमे.

वकील: काय झालं?

वहिनी: काही नाही. परत सुरू झालंय. तुम्ही म्हणताय चामडं, लाकूड, जंगल. आणि मला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतोय.

चिमी: काय?

वहिनी: पुठ्ठ्याचं खोकं पावसात भिजून तळघरात पडून राहावं ना, तसा. आणि वर बुरसट फडकं. मागे रबर होतं, आता पुठ्ठा. नाक परत खोटं बोलायला लागलंय. वकीलसाहेब, तुम्ही एवढी वर्षं जपून आणलीत, आणि मी तिला पुठ्ठा म्हणतेय. माफ करा. म्हणूनच यायला नको म्हणत होते. चिमे, उठ, मला बाहेर जाऊ दे.

चिमी: बस.

वहिनी: चिमे...

चिमी: वहिनी, बस म्हणते ना! माझी शिट्टी गळ्यात नाहीये म्हणून, नाहीतर वाजवली असती. वकीलसाहेब, परत हुंगा.

वकील: हुंगतोय.

चिमी: आणि?

वकील: बोलू नका जरा.

चिमी: मला मघाशीच काहीतरी वाटलं होतं. म्हटलं कुजकी पानं. पानं वगैरे काही नव्हती तिथं. मी ती आणून टाकली.

वकील: पुठ्ठा म्हणजे नेमका कोणता...

चिमी: आमच्या पोहण्याच्या तलावाच्या स्टोअरमधे मागच्या वर्षी पाणी शिरलं होतं. सर्टिफिकिटांची खोकी भिजली होती. अगदी तोच वास. आता वाढलाय बघा, हवा लागल्यावर.

वकील: डॉक्टरीणबाई.

वहिनी: अं?

वकील: तुमचं नाक खोटं बोलत नाहीये. बूच सडकं होतं. बुचाची बुरशी लागलेली वाईन आहे ही. एक नंबरची बिघडलेली. आणि मी तिला निवृत्त न्यायाधीश म्हणालो.

चिमी: टॉवेल काढला ना, तिथंच घोटाळा झाला. झाकलेली असती तर पहिल्या फटक्यात नाक मुरडलं असतं आपण. आपण लेबल प्यायलो, वकीलसाहेब.

वहिनी: नाही. तुम्ही दोघं माझं मन राखताय. मी रडले म्हणून.

वकील: मी? स्वतःची बाटली नासकी आहे असं मन राखायला म्हणेन? मेहुण्यासमोर मी मेलो तरी कबूल करणार नाही हे! पण ठीक आहे. साक्षीवर विश्वास नसेल तर उलटतपासणी घेऊ. कोचबाई, तुम्ही काय आणलंय?

चिमी: माझी साधीच आहे, लाल. मोज्यात गुंडाळलीये. मोजा धुतलेला आहे.

वकील: उघडा. तीन ग्लास. डॉक्टरीणबाई, हा नॅपकिन डोळ्यांवर बांधा.

वहिनी: वकीलसाहेब, लोक बघताहेत.

चिमी: बघू दे. गाठ मी मारते. चिमटलं का? बरं, हात दे. हा पहिला.

वहिनी: ...हा पुठ्ठा नाही.

वकील: दुसरा.

वहिनी: पुठ्ठा. शी! हाच. काढ, काढ.

वकील: तिसरा.

वहिनी: पुठ्ठा नाही.

चिमी: बरोबर! तिन्ही बरोबर, वहिनी!

वकील: शांतता. योगायोग असू शकतो. ग्लासांच्या जागा बदलतो. पुन्हा. पहिला?

वहिनी: नाही.

वकील: दुसरा?

वहिनी: नाही. साफ आहे.

वकील: मग उरला तिसरा, म्हणजे पुठ्ठा तिथंच असणार. नोंद करू तशी?

वहिनी: थांबा, करू काय? आधी हुंगू द्या. ...नाहीच. वकीलसाहेब, ह्या तिन्हीत पुठ्ठा नाहीये. कुठं लपवलात तो?

चिमी: ते पाठीमागे हात करून उभे आहेत!

वकील: गुन्हा कबूल! पुठ्ठा माझ्या हातात आहे, तिसरा म्हणून पहिलाच ग्लास पुन्हा दिला. डॉक्टरीणबाई, सोडा तो नॅपकिन. निकाल लागला. नाक निर्दोष!

चिमी: वहिनी! अग वहिनी! ये इकडे, मिठी मारू दे. अय्या, तू हसतेयस की...

वहिनी: थांब. हलू नकोस. तुझे केस.

चिमी: काय केस?

वहिनी: क्लोरीन. चिमे, तुझ्या केसांना क्लोरीनचा वास येतोय. शाम्पू करून आलीस तरी येतोय.

चिमी: कायमचा आहे तो. तुझ्या लग्नात पण येत होता. आता तू मला रडवू नकोस.

वहिनी: आणि वकीलसाहेब, तुमच्या कोटाला डांबराच्या गोळ्या.

वकील: हा कोट वर्षानं काढलाय. तुमच्यासाठीच.

वहिनी: चिमे, तुझी वाईन दे. आता नीट हुंगते. मनुका. काळ्या. नाही, थांब, घाई नको... पेन्सिल छिलल्यावर येतो ना, तो. आणि काहीतरी अगदी बारीक, मागे. लांब उभं आहे, पुढे येत नाही. येईल. उद्या येईल, परवा येईल.

चिमी: साधी बाटली आहे ग ती. एवढी काही मोठी नाही.

वहिनी: तुला काय कळतंय! ह्या क्षणाला जगात हिच्यावर दुसरी नाही. तो दुसरा ग्लास पण दे. पुठ्ठ्याचा.

चिमी: तो कशाला? वेटरला ओतून टाकायला सांगते.

वहिनी: खबरदार! माझ्याजवळ ठेव. किती घाण आहे! अहाहा! शी! अजून एकदा.

वकील: ह्या बाटलीचं एवढं कौतुक ती चांगली निघती तरी झालं नसतं.

वहिनी: वाईट वाटतंय, वकीलसाहेब? खरं सांगा.

वकील: खरं सांगू? दोन मिनिटं वाटलं. एवढी वर्षं जिना झाडताना मोलकरणीला दम द्यायचो की खोक्याला हात लावायचा नाही. आत जे होतं ते कदाचित पहिल्या वर्षीच सडलं होतं. म्हणजे मी राखण कसली करत होतो? पण मग म्हटलं, मेहुण्याला दिली असती तर त्यानं तीन घोटांत संपवून मस्त म्हटलं असतं. चांगली वाईन तुम्हाला आज कळली नसती, डॉक्टरीणबाई. हळुवार होती म्हणून हुकली असती, आणि तुम्ही उठून गेला असतात. हिनं ओरडून सांगितलं. तेवढ्यासाठी जिन्याखाली बसून होती, असं समजतो.

चिमी: वकीलसाहेब, तुम्ही आता कोर्टात नाही, पण मी टाळ्या वाजवते.

वहिनी: हात द्या वकीलसाहेब. नाही, दोन्ही.

वकील: हां, हां. डोळे पुसायला तो नॅपकिन द्या कोणीतरी. बरं, मघाशी आपल्याला काहीतरी सांगायचं होतं. दातांच्या डॉक्टरांविषयी, मला वाटतं. दारातून कानावर आलं.

वहिनी: त्यांना सांगा, जागा भरलेली आहे.

चिमी: मी सांगते! उद्या सकाळी स्वतः जाऊन सांगते, दात दाखवायच्या निमित्तानं.

वहिनी: चिमे, माझी पर्स कुठंय? फोन हवाय.

चिमी: खाली ठेवलीयेस, पायाशी. दादाला करतेयस? स्पीकरवर लाव, मला ऐकू दे.

वहिनी: नाही लावणार. गप्प बस. ...हॅलो? अहो, मीच. नाही, नाही, बरी आहे. आवाज तसाच येतोय, हॉटेलात आहे ना. जेवण अजून आलं नाही. ऐका, तुम्ही काय करताय? ...भाजी करपली? थोडी? मग खिडक्या उघडल्यात का? ...नाही, ओरडत नाहीये. उघडायला निघालाय? बसा. बसा हो खाली. कढई तशीच राहू दे, ओट्यावर. काही पुसू नका, काही धुऊ नका. मी येतेय थोड्या वेळानं. ...आल्यावर सांगते का ते. खिडक्या तेवढ्या बंद ठेवा.